संत्र्याच्या सालीचा लूप

झड लागली की आमच्या घरचा गॅसचा लायटर रुसतो. टकटक आवाज येतो, ठिणगी येत नाही. परवा सकाळी आईने ओट्यापाशी उभं राहून दहा-बारा वेळा टकटक केलं आणि शेवटी वैतागून म्हणाली, "पेटूनच नाही राहिला गं हा, बर्डीवर जाशील तर दुसरा घेऊन ये," आणि काडेपेटीने चहा टाकला. मी तो लायटर घेतला, तोंडाशी साचलेली ओल आणि तेलकट घाण पुसली, गरम कुकरच्या बाजूला अर्धा तास ठेवला, मग पहिल्याच टिचकीत पेटला. आई म्हणाली, एवढं शिकलीस त्याचा हा एक उपयोग झाला बाई.

ती चेष्टेत म्हणाली, पण खरं सांगायचं तर माझ्या पीएचडीतली अर्धी रडकथा त्या लायटरच्या पोटात आहे. आत लेड झिर्कोनेट टायटेनेट, म्हणजे आपलं पीझेडटी, या सिरॅमिकचा छोटासा दांडा असतो. खटका दाबला की स्प्रिंगवरची हातोडी त्याला ठोसा मारते आणि त्याच्या दोन टोकांमध्ये काही हजार व्होल्ट तयार होतात. हे कसं होतं तर त्या क्रिस्टलच्या प्रत्येक बारक्या खोलीत (म्हणजे अणूंचा जो छोटासा साचा परत परत रचून क्रिस्टल बनतो त्यात) प्लस चार्जचं केंद्र आणि माइनस चार्जचं केंद्र एकावर एक नसतं, जरासं सरकलेलं असतं, आणि दाबल्यावर ते सरकणं बदलतं. पण नुसतं भट्टीतून काढलेलं सिरॅमिक असं वागत नाही बरं का, त्यातले कण दाही दिशांना तोंड करून बसलेले असतात आणि सगळं मिळून बेरीज शून्य. म्हणून कारखान्यात ते गरम करून त्यावर जोरदार व्होल्टेज लावतात, सगळ्यांची तोंडं शक्य तितकी एका बाजूला वळवतात. याला पोलिंग म्हणतात. ते एकदा झालं की लायटरचा जन्म त्यावर निघतो. आणि पावसाळ्यात जे होतं ते असं की चार्ज तर तयार होतोच, पण फटीतून उडी मारण्याऐवजी ओलसर घाणीवरून हळूच पळून जातो. गळती. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी ज्याच्यावर काम केलं त्या चार्जच्या सरकलेपणाचं नाव पोलरायझेशन, मराठीत ध्रुवीकरण. हे नाव सांगायची सोय नाही. एका लग्नात एका काकांनी विचारलं कशावर रिसर्च करून राहिलीस, मी म्हटलं ध्रुवीकरणावर नियंत्रण कसं ठेवायचं यावर, तर त्यांनी ताट हातात धरून पाऊण तास मला विदर्भातल्या निवडणुकांबद्दल सांगितलं. तेव्हापासून मी पोलरायझेशनच म्हणते. फेरोइलेक्ट्रिक हे नावही तसंच फसवं, त्यात लोखंडाचा संबंध नाही, लोहचुंबकासारखं वागतं म्हणून चिकटलेलं नाव. १९२० च्या सुमारास अमेरिकेत जोसेफ व्हॅलसेक या माणसाने रोशेल सॉल्ट नावाच्या मिठात हे पहिल्यांदा पाहिलं, की वीज लावली तर आतलं पोलरायझेशन उलटतं आणि वीज काढली तरी तसंच राहतं. म्हणजे आठवण राहते. वर तोंड म्हणजे एक, खाली तोंड म्हणजे शून्य, झाली मेमरी. लायटरमध्ये दिशा एकदाच ठरवायची, मेमरीत ती हवी तेव्हा उलटता आली पाहिजे, आणि तेही कमी व्होल्टवर. मग पदार्थ पातळ पाहिजे. नॅनोमीटरमध्ये पातळ. इथून भानगड सुरू होते.

माझा पदार्थ होता बिस्मथ फेराइट. (याच्यात मात्र लोखंड आहे, आता काय बोलावं.) हा मल्टिफेरॉइक, म्हणजे एकाच वेळी फेरोइलेक्ट्रिक पण आणि मॅग्नेटिक पण. असे पदार्थ फार कमी आहेत, आणि का कमी आहेत हे २००० साली निकोला हिल यांनी (नंतर त्या स्पॉल्डिन नावाने लिहायला लागल्या) फार सुंदर सांगितलंय. बेरियम टायटेनेटसारख्या पदार्थात टायटॅनियम मधून सरकतो कारण त्याची डी ऑर्बिटल, म्हणजे अणूतली इलेक्ट्रॉनांची एक राहायची जागा, रिकामी असते, आणि चुंबकत्वाला नेमकी डी ऑर्बिटलमध्ये इलेक्ट्रॉनांची वस्ती लागते. एकाला घर रिकामं हवं, दुसऱ्याला भरलेलं. बिस्मथ फेराइटमध्ये दोघांनी कामं वाटून घेतलीत, चुंबकाचं काम लोखंडाकडे आणि सरकायचं काम बिस्मथच्या एका बिनकामाच्या इलेक्ट्रॉन जोडीकडे. दोन्ही गुण खोलीच्या तापमानाच्या बरेच वर टिकतात, चुंबकाची शिस्त ३७० अंशांच्या आसपास मोडते आणि फेरोइलेक्ट्रिकपणा त्याच्याही वर, ८३० च्या आसपास. आमच्या मे महिन्याला घाबरायचं कारण नाही. २००३ मध्ये रामेश यांच्या ग्रुपने याच्या पातळ फिल्म बनवून दाखवल्या, पोलरायझेशन आधी मोजलेल्यापेक्षा कितीतरी जास्त आलं, आणि जगभर सगळे त्याच्या मागे लागले. उशिरा का होईना, नागपुरात मीसुद्धा.

आमच्याकडे लेझरने फिल्म उगवायचं मशीन नव्हतं. बिस्मथ नायट्रेट आणि आयर्न नायट्रेटचं सोल्युशन करायचं, गरगर फिरणाऱ्या चकतीवर थेंब टाकायचा (याला स्पिन कोटिंग म्हणतात), सुकवायचं, भाजायचं, परत थेंब. बिस्मथ भाजताना उडून जातो म्हणून तो थोडा जास्तच घालायचा, पुरणात गूळ घालतो तसा अंदाजाने. पावसाळ्यात फिल्म दुधाळ व्हायची, हवेतलं पाणी सोल्युशन बिघडवायचं, म्हणून आमचा खरा सिझन दिवाळी ते मे. आणि मे मध्ये गंमत अशी की बाहेर ४५ डिग्री, एसी बंद पडलेला, आणि कूलर लावायचा नाही कारण कूलर म्हणजे ओली हवा. नागपुरात कूलरशिवाय मे काढलेला माणूस माझ्याशी बोलायला येऊ दे, आम्ही एकमेकांना समजू.

तर पहिला लूप. फेरोइलेक्ट्रिक सिद्ध करायला हिस्टरेसिस लूप काढतात. आडवं व्होल्टेज, उभं पोलरायझेशन, जाताना एक वाट आणि येताना दुसरी. चांगला लूप टोकांना मिटतो, बारीक शेपूट होतं. माझा आला तो गोलमटोल, टोकं गोलावलेली, पण लूप तर होता! मी आनंदाने रंगीत प्रिंट काढून सरांकडे नेला. सरांनी चष्मा वर केला, म्हणाले, "फ्रिक्वेन्सी कमी करून पाहा." केली, लूप अजून फुगला. अजून कमी केली, अजून फुगला. सर म्हणाले, "हा लूप नाही, फुगलेली पोळी आहे."

पोलरायझेशन उलटणारं असतं तर त्याला ठराविकच चार्ज लागतो, तुम्ही हळू उलटा की भरभर. पण गळती असेल तर जितका वेळ द्याल तितका चार्ज वाहत राहतो आणि मशीनला बिचाऱ्याला काय कळतं, ते आलेला सगळा चार्ज पोलरायझेशन म्हणून मोजतं. माझ्या फिल्ममधून ऑक्सिजन निसटलेला, लोखंडाचे काही अणू प्लस तीनऐवजी प्लस दोन चार्जवर आलेले, इलेक्ट्रॉन एकावरून दुसऱ्यावर टुणटुण उड्या मारत होते. लायटरच्या घाणीवरून पळणारा चार्ज आणि हा, जातकुळी एकच.

सरांनी मग मला २००८ चा एक छोटा लेख वाचायला दिला, जेम्स स्कॉट यांचा. त्यांनी केळ्याच्या सालीला चांदीची पेस्ट लावून तिचा लूप काढला आणि तो छापला, कारण लोक असलेच लूप दाखवून आम्हाला नवा फेरोइलेक्ट्रिक सापडला म्हणून पेपर छापत होते. वर कोटी अशी की बेरियम सोडियम नायोबेट नावाचा खराखुरा फेरोइलेक्ट्रिक आहे, त्याच्या फॉर्म्युल्याची अक्षरं ओळीने वाचली की ‘बनाना’सारखं काहीतरी होतं, आणि या लायनीतले लोक त्याला खरंच बनाना म्हणतात. मला हसू आलं आणि लगेच रडूही, कारण स्कॉटच्या सालीचा लूप आणि माझा लूप बहीण-भाऊ दिसत होते.

आता नागपुरात बसून केळ्याची साल कशाला. फेब्रुवारी होता, मृग बहाराची संत्री आलेली, हातगाडीवरून डझनभर आणली, खाल्ली, साल कापली, दोन्ही बाजूंना चांदीची पेस्ट. लूप आला. माझ्यापेक्षा देखणा आला! मग तीच साल चार दिवस गच्चीवर वाळवली आणि परत लावली तर लूप जवळपास मिटला, नुसती तिरकी रेघ. पाणी गेलं, गळती गेली, लूप गेला. हे दोन ग्राफ आणि मधे माझा ग्राफ असं एका सेमिनारला दाखवलं. लोक हसले. एका बाहेरून आलेल्या मोठ्या सरांना मात्र आवडलं नाही, विज्ञानाची थट्टा करू नये म्हणाले. मला वाटतं थट्टा आम्ही आधीच करत होतो, साल फक्त पुरावा होती.

त्यानंतर नीट मोजायला शिकले. एकाच दिशेने लागोपाठ दोन पल्स द्यायचे. पहिल्यात पोलरायझेशन उलटतं अधिक गळती, दुसऱ्यात उलटायला काही उरलेलंच नसतं म्हणून नुसती गळती, मग वजाबाकी. साधं गणित आहे आणि माझ्या पहिल्या दीड वर्षाच्या कामातलं त्यातून फार थोडं उरलं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. मी समजत होते कंट्रोल म्हणजे व्होल्टेज. बटण दाबलं, वर; उलटं दाबलं, खाली. पातळ फिल्ममध्ये असं नसतं. ती वर बघणार की खाली, की बघणारच नाही, हे तिच्या आजूबाजूचे ठरवतात. खाली कोण आहे, वर कोण आहे, हवा कशी आहे. फिल्म स्वतः शेवटी मत देते.

कसं ते बघा. पोलरायझेशन वर असेल तर वरच्या पृष्ठावर प्लस चार्ज जमतो, खालच्या पृष्ठावर माइनस. या दोघांमध्ये आपोआप एक विजेचं फील्ड तयार होतं आणि ते नेमकं पोलरायझेशनच्या उलट. घरचाच भेदी. जाड पदार्थात त्याला सांभाळून घेता येतं, फिल्म पातळ होत गेली की हे फील्ड तिला गिळायला बघतं. त्यावर उपाय म्हणजे दोन्ही बाजूंना धातूचा इलेक्ट्रोड, त्यातले मोकळे इलेक्ट्रॉन येऊन चार्ज झाकतात. पण पूर्ण झाकत नाहीत, धातूतसुद्धा ते अगदी पृष्ठाला चिकटून बसू शकत नाहीत, अणूपेक्षा कमी अंतर का होईना राहतं. २००३ मध्ये हंकेरा आणि घोसे यांनी गणित करून दाखवलं की स्ट्रॉन्शियम रुथेनेटच्या दोन इलेक्ट्रोडांमध्ये बेरियम टायटेनेटची फिल्म साधारण सहा खोल्यांपेक्षा पातळ केली, म्हणजे अडीच नॅनोमीटरच्या आसपास, तर तिचं पोलरायझेशन टिकत नाही. एवढ्याशा फटीमुळे.

आणि इलेक्ट्रोड नसेलच तर? तर फिल्म आपल्या डोक्याने तोडगा काढते. थोडी पट्टी वर, शेजारची पट्टी खाली, परत वर. आपल्याकडे कपाशीच्या ओळींमध्ये तुरीच्या ओळी घालतात तसे पट्टे, फक्त इथे पट्टा काही नॅनोमीटरचा. वरून बघितलं तर प्लस-माइनस शेजारी शेजारी, भेदी फील्ड बरंचसं मिटलं. लेड टायटेनेटची फिल्म अशी पट्टे पाडून फक्त तीन खोल्यांच्या जाडीतही तग धरते हे २००४ मध्ये एक्स-रेने दिसलं. फेरोइलेक्ट्रिकपणा संपला नाही, नुसता पांगला. मेमरीवाल्याला हे पट्टे नको असतात कारण बेरीज शून्य होते, पण मला ती हुशारीच वाटते.

खालच्या थराचं आणखी एक. फिल्म ज्या क्रिस्टलवर उगवते त्याच्या अणूंच्या अंतराशी तिला जुळवून घ्यावं लागतं. आमचे सर याला नेहमी सासरी आलेल्या सुनेची उपमा द्यायचे, मला ती कधीच आवडली नाही, सून उलटून बोलते तरी, इथे खालचा क्रिस्टल अर्धा मिलिमीटर जाड आणि फिल्म त्याच्यापुढे काहीच नाही, तिला दाबून घ्यावंच लागतं. (जाडी वाढली की मात्र तीपण बंड करते, आत चिरा-तुटी पाडून स्वतःच्या मूळ अंतरावर जाते.) या दाबण्याने काय काय होतं तर बेरियम टायटेनेट एरवी १२० अंशांना फेरोइलेक्ट्रिकपणा सोडतं, त्याला डिस्प्रोशियम स्कँडेटवर उगवून दीड-पावणेदोन टक्के दाबलं तर ते तापमान जवळपास ५०० अंशांनी वर जातं, २००४ चं काम आहे. त्याच वर्षी उलटं पण झालं, स्ट्रॉन्शियम टायटेनेट जे कितीही थंड केलं तरी एरवी फेरोइलेक्ट्रिक होत नाही, त्याला त्याच क्रिस्टलवर जेमतेम एक टक्का ताणलं तर खोलीच्या तापमानाला झालं. एक टक्का! मीटरभर कापडाला सेंटीमीटरभर ओढण्याइतकं.

याहून मला चकित करणारी गोष्ट बिस्मथ फेराइटची, म्हणजे आमच्याच घरची. लँथनम स्ट्रॉन्शियम मँगनाइटच्या इलेक्ट्रोडवर ती उगवताना त्या इलेक्ट्रोडचा सगळ्यात वरचा अणूंचा थर कोणता ठेवलाय, मँगनीज-ऑक्सिजनचा की लँथनम-स्ट्रॉन्शियमचा, यावर अख्खी फिल्म वर बघणार की खाली ते ठरतं. २०१२ मध्ये दाखवलंय. व्होल्टेज नाही, बटण नाही, एक थर. मी हे वाचलं तेव्हा माझ्या स्पिन कोटिंगच्या फिल्मकडे बघून मला दया आली, तिच्या खाली काय होतं हे देवालाच माहीत, साफ करताना नळाचं पाणी लागलं असेल.

आणि वरची बाजू? उघडी फिल्म हवेतून चार्ज गोळा करते, पाण्याचे, ऑक्सिजनचे रेणू येऊन बसतात आणि इलेक्ट्रोडचं काम थोडंफार तेच करतात. २००९ मध्ये दहा नॅनोमीटरच्या लेड टायटेनेटवर नुसता ऑक्सिजनचा दाब बदलून पोलरायझेशन उलटवून दाखवलं गेलं. ऑक्सिजन भरपूर असेल तर तोंड बाहेर, कमी असेल तर आत. वायर न लावता! मी इंदूरला सॅम्पल घेऊन जायचे, तिथे एका प्रयोगशाळेत पीएफएम होतं, म्हणजे अगदी बारीक सुईने फिल्मला टोचत टोचत कुठे वर कुठे खाली याचा नकाशा काढणारं यंत्र. एप्रिलमध्ये सुईने लिहिलेला चौकोन दुसऱ्या दिवशीही दिसत होता, ऑगस्टमध्ये तशाच फिल्मवर लिहिलेला चौकोन संध्याकाळपर्यंत पुसट झाला होता. तिथला ऑपरेटर दादा म्हणाला मॅडम तुमची फिल्म विसराळू आहे. मी हवेतल्या ओलीवर खापर फोडलं. थिसिसमध्ये मात्र हे एकच वाक्य गेलं, कारण आर्द्रता मोजून ठेवलीच नव्हती, आणि न मोजलेल्या गोष्टीवर परीक्षकांपुढे बोलायची माझी हिंमत नव्हती. त्याची अजून चुटपुट आहे.

अलीकडे झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात फीबिग आणि त्रासाँ यांच्या ग्रुपने जे केलंय ते बघून तर जळफळाट होतो. आम्ही फिल्म बनवून, थंड करून, बसमध्ये घालून, मग बघणार काय झालं ते. ते लोक फिल्म उगवत असतानाच, ७०० अंशांच्या आसपास तापलेली असताना, तिच्यावर लेझर टाकतात आणि परत येणाऱ्या उजेडात दुप्पट फ्रिक्वेन्सीचा उजेड आहे का ते शोधतात. दोन्ही बाजूंनी सारख्या क्रिस्टलमधून असा दुप्पट उजेड निघत नाही, आत काही एका बाजूला सरकलं की निघतो. म्हणजे एकेक थर चढताना पोलरायझेशन कधी जन्मलं, कधी पडलं, हे डोळ्यांसमोर. भात शिजताना झाकण काचेचं असावं तसं. त्यातून कळलं की सगळं ठीक चाललेलं असताना वरचा इलेक्ट्रोड बसवायला घेतला की तेवढ्यातच पोलरायझेशन कोसळू शकतं, ज्याला आपण मदतनीस म्हणून आणला तोच. आम्ही वर्षानुवर्षं वरचा इलेक्ट्रोड डोळे मिटून लावत होतो.

भाचा मागच्या आठवड्यात आला होता, इंजिनिअरिंगला आहे, त्याने विचारलं, "आत्या, पण चुंबकाचं काय झालं? तू तर म्हणायचीस वीज लावून चुंबक फिरवायचा." फिरवला ना, मी नाही, २०१४ मध्ये हेरॉन आणि मंडळींनी. बिस्मथ फेराइटमध्ये पोलरायझेशन क्यूबच्या कोपऱ्यांकडे बघतं, म्हणून आठ दिशा. थेट उलटलं तर आतलं बारकं चुंबकत्व उलटायची गॅरंटी नाही. पण त्यांच्या फिल्ममध्ये ते दोन टप्प्यांत वळलं, एक टप्पा ७१ अंशांचा, एक १०९ चा, आणि या आडवाटेने गेल्यामुळे चुंबकत्वही सोबत वळलं आणि वर बसवलेला कोबाल्ट-आयर्नचा चुंबक पूर्ण उलटला. नुसतं व्होल्टेज लावून, चुंबक फिरवायला करंटची गरज नाही. आणि हे दोन टप्पे कोणामुळे? पुन्हा खालच्या क्रिस्टलने दिलेल्या ताणामुळे. भाचा म्हणाला, म्हणजे बटण दाबायच्या आधीच अर्धं ठरलेलं असतं. हो बे.

(कोणी विचारेल म्हणून, २०११ नंतर हॅफ्नियम ऑक्साइडची लाट आली आहे, सिलिकॉन मिसळलेली दहा नॅनोमीटरची फिल्म फेरोइलेक्ट्रिक निघाली, चिपवाल्यांना तो पदार्थ आधीच ओळखीचा, आणि पातळ केल्यावर बिघडायच्या ऐवजी तिथेच सुधारतो. माझं त्यावर काम नाही, म्हणून गप्प.)

आता मी फक्त शिकवते. फिल्म बनवणं सुटलं, पण दर फेब्रुवारीत एमएस्सीच्या पोरांना संत्र्याच्या सालीचा लूप काढायला लावते, ओली आणि वाळलेली दोन्ही. दरवर्षी एकजण तरी ओल्या सालीचा लूप बघून "मॅडम, हे फेरोइलेक्ट्रिक आहे!" असं ओरडतोच, आणि मी त्याला फ्रिक्वेन्सी कमी करून पाहा म्हणते.

आईने तरी बर्डीवरून नवा लायटर आणवलाच, शेजारच्या काकूंकडून, माझ्यावर भरवसा नाही म्हणाली. जुना मी पर्समध्ये टाकलाय, सोमवारी प्रॅक्टिकलला फोडून आतला दांडा दाखवायचा आहे.